एकाच ताग्यातले चौघे

जुन्या फजितीची गोष्ट सांगून झाली की ‘आता आठवलं की हसू येतं’ असं म्हणायची पद्धत आहे. मला येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं आणि आता सत्तरी ओलांडल्यावरही येत नाही. ऐकणारे पोट धरून हसतात. हसोत बापडे, त्यांचं काय गेलं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात पत्रव्यवहाराचा कारकून होतो. आत यंत्रमागांचा खडखडाट, बाहेर पत्र्याच्या छपराखाली आमचं ऑफिस. बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळं आम्हा सगळ्यांना घरीही ओरडून बोलायची खोड लागलेली. मालक माणूस कामाचा, तेलुगू, कानडी, मराठी सगळं फाडफाड बोलायचे, पण इंग्रजी सहीपुरतं. मुंबईच्या एजंटला जाणारं प्रत्येक पत्र मी जुळवायचो, मीच टाइप करायचो, खाली सही तेवढी मालकांची.

बायको मुंबईत सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न ठरलं तेव्हा ती नोकरीत कायम झालेली. ‘सोलापूरला बदली काय, आज ना उद्या होईल,’ असं तेव्हा दोन्हीकडचे म्हणाले. पाच वर्षं झाली तरी ती काही झाली नाही. मुलगी चार वर्षांची, ती इकडं माझ्याजवळ, माझ्या आईच्या हाताखाली. बायको ड्यूट्या जोडून महिन्यातून दोन दिवस यायची. पहिल्या दिवशी पोरगी तिच्याकडं जायची नाही, दुसऱ्या दिवशी तिला सोडायची नाही, तोवर गाडीची वेळ झालेली असायची. पोरगी तिला ‘मुंबईची आई’ म्हणायची. बार्शीचे काका, तशी मुंबईची आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको हसली आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली.

त्या वर्षी शिवरात्र होऊन ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा एजंटचं पत्र आलं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला आणि त्याच्या बायकोला घेऊन तो कारखाना दाखवायला येणार होता. निर्यातीसाठी मुंबईत वेगळं ऑफिस उघडायचं ठरलंय, त्यासाठी कारखान्यातलाच, माल ओळखणारा एक माणूस हवा, त्याला राहायला खोली मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. संध्याकाळी बंगल्यावर खाणंपिणं ठेवा, ऑफिसची माणसंही बोलवा, चार गोष्टी बोलताना मी माणूस हेरीन. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : ड्रेस इनफॉर्मल, बट स्मार्ट.

‘राहायला खोली’ एवढं मी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. आई बार्शीला भावाकडं जायला एका पायावर तयार होती. म्हणजे मी, बायको आणि पोरगी एका खोलीत, एका छपराखाली! त्याच दिवशी बायकोला पत्र टाकलं. तिचं उलट टपाली उत्तर आलं : ‘खोली लहान असली तरी चालेल. पोरीला इकडच्या शाळेत घालू. कपड्यांचं कुणा कळत्या माणसाला विचारा, तुमच्या मनानं काही करू नका.’

कळता माणूस आणायचा कुठून? ऑफिसात त्या एका ओळीवर आठ दिवस चर्चा चालली. हेडक्लार्क म्हणाले, “म्हणजे घरच्यासारखं यायचं, पण घरचं दिसायचं नाही.” कॅशियर म्हणाला, “टाय बांधायचा नाही. पण ह्याला टाय बांधता येतो, असं समोरच्याला वाटलं पाहिजे.” सुताचं गोदाम सांभाळणारा म्हणाला, “शर्ट खोचायचा का बाहेर ठेवायचा, तेवढं सांगा की मला!” ते कुणालाच सांगता येईना. शेवटी मी माझ्या कॉलेजच्या इंग्रजीच्या सरांकडं गेलो. सरांनी तीन जाडजूड पुस्तकं काढली, साहेब लोकांचे सकाळचे कपडे, दुपारचे कपडे, जेवणाचे कपडे असं अर्धा तास समजावलं. सर स्वतः धोतर-कोटात. मी विचारलं, “सर, तुम्ही असता तर काय घातलं असतं?” सर म्हणाले, “मी अशा ठिकाणी जात नाही.” झालं, संपला विषय. सायकल हाणत घरी आलो.

माझ्याकडं कपडे होते तरी काय? एक लग्नातला सूट, सासऱ्यांनी शिवलेला, लोकरीचा. सोलापूरच्या उन्हात लोकरीचा सूट घालणाऱ्याला दवाखान्यातच न्यावं लागेल. बाकी ऑफिसचे चार शर्ट. दोहोंच्या कॉलरी उलटून शिवलेल्या, एकाच्या खिशावर शाईचा डाग, आणि चौथा पांढरा, धुऊन धुऊन मऊ झालेला. आईनं तो पांढरा पुढं केला. “हा घाल की रे, स्वच्छ आहे.” मी वसकन अंगावर गेलो. “मी काय गिरणीवर चाललोय होय?” तिनं तो मुकाट्यानं घडी करून ठेवला.

मग मला दिवाळीचा शर्टपीस आठवला. आमचे मालक दर दिवाळीला ऑफिसातल्या प्रत्येकाला शर्टाचं कापड द्यायचे. बाजारातून एक अख्खा तागा आणायचा आणि फाडून सगळ्यांना वाटायचा. ते कापड कुणीही शिवायचं नाही. कागदासकट ट्रंकेत ठेवायचं आणि नात्यात लग्न निघालं की आहेर म्हणून पुढं करायचं. सगळेच तसं करायचे. माझे आदल्या तीन वर्षांचे पीस तीन साडू-मेहुण्यांच्या अंगावर होते. एक तर फिरत फिरत चौथ्या घरून माझ्याच चुलत्याला आहेरात आला होता. त्यामुळं ऑफिसातल्या दोन माणसांच्या अंगावर एकच कापड असं दृश्य कारखान्यात कधी दिसलं नव्हतं. त्या वर्षीचा पीस मात्र माझ्याकडं पडून होता. बिस्किटी रंग, त्यावर तपकिरी चौकडा, टेरिकॉट. खिडकीशी धरून बघितलं, लई भारी वाटलं.

शिंप्याकडं मी गुपचूप गेलो. गुपचूप अशासाठी, की ती खोली फक्त मलाच हवी होती असं थोडंच होतं? कॅशियरचा भाऊ मुंबईत होता, गोदामवाल्याला कारखान्याच्या धुरळ्यातून सुटायचं होतं, हेडक्लार्कना निवृत्तीनंतर दोन वर्षं काम हवं होतं. आठ दिवस चर्चा करणारी माणसं शेवटच्या दोन दिवसांत एकमेकांशी कपड्यांबद्दल अवाक्षर बोलेनात. मी शिंप्याला म्हणालो, “मियाँ, हे कुणाला सांगू नका.” तो कापड चोळून बघत म्हणाला, “कपडा एक नंबर हय साब. फिकर नक्को करो. पहनके जाव, लोगां देखते रह जाते.”

ते त्याचं म्हणणं अगदी खरं ठरलं.

त्या दिवशी सकाळपासून पाहुण्यांसाठी चादरींचे नमुने लावायचं काम होतं. साडेपाचला घरी आलो, अंघोळ केली, नवा शर्ट घातला. टेरिकॉट अंगाला चिकटतो, वारा म्हणून आत येत नाही. शर्ट चुरगळू नये म्हणून सायकल नेली नाही. सात रस्त्यापासून रेल्वे लाइन्समधल्या मालकांच्या बंगल्यापर्यंत कॉलरीत रुमाल खोचून सावलीसावलीनं चालत गेलो. तोंडानं इंग्रजी वाक्यं घोकत होतो. पायातले बूट नवे नव्हते, पण मोजे नवे होते आणि ते चावत होते.

फाटकाशी हेडक्लार्क उभे होते. बिस्किटी शर्ट, तपकिरी चौकडा.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. ते म्हणाले, “तुम्हीसुद्धा?” मी म्हणालो, “तुम्हीसुद्धा?” एवढ्यात रिक्षातून कॅशियर उतरला. बिस्किटी. त्यानं आम्हाला बघून पुन्हा रिक्षाकडं पाय वळवला, पण रिक्षावाला निघून गेला होता. गोदामवाला तर आधीच आत बसलेला होता, झाडामागं, चोरासारखा. चौघांचे शर्ट, चौघांचा चौकडा आणि कॉलरसुद्धा एकाच बेताची, कारण शिंपीही एकच! दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो तर तो शांतपणे म्हणाला, “तुमीच बोले थे ना साब, किसीकू नक्को बोलो? उनो तीनो भी वहीच बोले.”

आता घरी जाऊन बदलून यायला वेळ नव्हता. काहीतरी वेगळं दिसावं म्हणून मी बाह्या दुमडल्या. ते बघून कॅशियरनं दुमडल्या. गोदामवाल्यानं दुमडल्या. हेडक्लार्कनी, वय अठ्ठावन्न, त्यांनीही दुमडल्या. आता तर चौघांचा गणवेशच झाला. मालक सफारीत बाहेर आले, आम्हाला बघून थबकले. “हे काय सोंग?” हेडक्लार्क म्हणाले, “आपलंच दिवाळीचं कापड, मालक.” मालकांच्या कपाळाला आठी पडली. “बरं बरं. सगळे एकदम पुढं येऊ नका. तिकडं टेबलाशी उभे राहा, मी बोलावतो एकेकाला.”

टेबलाशी म्हणजे खाण्याच्या टेबलाशी. हॉटेलची माणसं ताटल्या मांडून आत भजी तळायला गेली होती. टेबलामागं ओळीनं आम्ही चौघे.

पाहुणे आले. एजंट पहिल्यांदाच दिसत होता. ड्रेस स्मार्ट लिहिणारा हा माणूस! अंगात विटका निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बाहेर सोडलेला, पायात कोल्हापुरी वहाणा. मी बघतच राहिलो. परदेशी गृहस्थाचाही शर्ट गळ्याशी उघडा, पँटला गुडघ्यावर पोक आलेलं. अरे, मग आम्हाला आठ दिवस घोर कशाला लावला होता? असाच एक शर्ट मी घरी घडीत ठेवून आलो होतो.

एजंटनं आपली बायकोही आणली होती, ती टेबलाशी आली. रिकामा ग्लास माझ्यापुढं धरून अगदी गोड आवाजात म्हणाली, “जरा थंड पाणी देता का?” आता बाईमाणसानं पाणी मागितलं तर नाही कसं म्हणायचं? मी दिलं. मग तिनं हात केला, “आणि तिकडं सगळ्यांना पण.” बाजूला ट्रे होता. मी ग्लास भरले, ट्रे उचलला आणि निघालो. तेवढीच एक चूक म्हणायची तर ती. कारण ट्रे घेतलेल्या माणसाला रिकामं कुणी राहू देत नाही. एकानं रिकामा ग्लास ठेवला, एकानं चहा सांगितला, एकानं भज्यांचा तेलकट कागद ठेवला. मागं वळून बघितलं तर कॅशियरच्या हातात भज्यांची ताटली आणि हेडक्लार्क चटणी वाढतायत. मला त्या म्हाताऱ्याकडं बघवेना.

परदेशी गृहस्थानं मला विचारलं, हे कशाचं भजं आहे, तिखट आहे का? मी नीट इंग्रजीत सांगितलं, कांद्याचं आहे, हिरवी मिरची आहे, पण सोसेल एवढी. एजंट खूश झाला. मालकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “तुमच्या सोलापुरात वेटरसुद्धा काय इंग्रजी बोलतात हो!” मालक मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि हसू तोंडावरच राहिलं. एका वाक्याचं काम होतं. ‘अहो, हा माझा माणूस.’ ते बोलले नाहीत.

डिस्पॅचचा क्लार्क तेवढ्यात आला. मैंदर्गीचा, घरी कानडी बोलणारा, साधा सरळ गडी. ट्रक भरून तसाच निघाला होता. अंगात धुऊन पातळ झालेला पांढरा शर्ट, बाह्या कोपराच्या वर. कुणी त्याला ट्रे दिला नाही. तो थेट दोरीवर टांगलेल्या चादरींशी गेला. परदेशी बाई तिथंच होती. त्यानं चादरीचं टोक उलटून तिला मागची बाजू दाखवली, बोटांनी धागा ओढून दाखवला, आणि मराठीत सांगायला लागला, “बाई, रंग जात न्हाय. पाण्यात टाका, उनात टाका, कुटं बी टाका.” ती बाई मान हलवून हसत होती. तिला सगळं कळत होतं म्हणे. नंतर मी त्याला विचारलं, तुझा दिवाळीचा पीस कुठाय? तो म्हणाला, “त्यो व्हय? बहिनीच्या लग्नात दाजीला दिला की. हे धुतलेलं व्हतं, हेच घातलं.”

आणि मग जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मी एजंटच्या पुढ्यात चहाचे कप ठेवत होतो. त्यानं कप उचलला आणि मालकांना विचारलं, “ती पत्रं कोण लिहितं हो तुमची? फार नेटकी असतात. खरं सांगायचं तर माझ्या मनात तोच माणूस आहे मुंबईसाठी. बोलवा की त्याला.”

मी दोन हात अंतरावर उभा होतो, ट्रे घेऊन. मालकांनी माझ्याकडं बघितलं. आता नुकतंच ज्याला वेटर म्हणून हसलो, तोच हा, असं सांगायची त्यांना लाज वाटली असणार. मी त्यांच्याकडं बघितलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, रस्ताभर घोकलेलं. ‘सर, मीच तो.’ ट्रे खाली ठेवायला टेबलही समोरच होतं.

मालक म्हणाले, “तो आज आला नाही. आजारी आहे.”

एजंट म्हणाला, “अरेरे.” माझ्या ट्रेमध्ये त्यानं चमचा ठेवला. मी तो घेऊन आत गेलो. आतल्या मोरीशी मी बराच वेळ उभा होतो. मालकांचा राग आला, शिंप्याचा आला, त्या गोड बोलणाऱ्या बाईचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला, पण तो शेवटी, घरी पोचल्यावर.

आठवड्यात हुकूम आला. मुंबईला डिस्पॅचचा क्लार्क जाणार. मला त्याचा राग कधी आला नाही, तो माल ओळखणारा माणूस होताच. मालकांनी मला बोलावून उलटं मलाच झापलं. “तुला ट्रे घ्यायला कुणी सांगितलं होतं रे? आता मी तोंडावर पडायचं का तिथं? जाऊ दे, पुढच्या टायमाला बघू.” पुढचा टाइम आला नाही. मी तिथंच पत्रं लिहीत राहिलो. त्यातली पुष्कळ त्या मुंबईच्या ऑफिसला, त्याच माणसाच्या नावानं.

महिनाअखेरीला बायको आली तेव्हा मी तिला काहीही न लपवता सांगितलं. शर्टाचं ऐकताना ती हसेल असं वाटलं होतं. ती पोरीची वेणी घालत होती, घालत राहिली. “बरं,” एवढंच म्हणाली. जूनमध्ये पोरीला शाळेत घालायचं होतं. बदलीचा अर्ज त्याच सुमारास चौथ्यांदा परत आला. बायकोनं मला न विचारता राजीनामा दिला आणि एक ट्रंक, एक वळकटी घेऊन कायमची सोलापूरला आली. कायम झालेली सरकारी नोकरी होती ती. तिच्या वॉर्डात तिचं नाव होतं, डॉक्टर तिला विचारून औषध बदलायचे, हे मला तिच्या मैत्रिणींच्या पत्रांतून कळलं, पुढं कधीतरी. पोरगी आठ दिवसांत नुसतं ‘आई’ म्हणायला लागली. माझी आई दारात उभी राहून शेजारणींना सून दाखवायची. सगळे म्हणायचे, बरं झालं, संसार एका जागी आला. मीही मान डोलवायचो.

पावसाळ्यातली एक दुपार. रविवार होता. बायको दवाखान्यातले पांढरे गणवेश उसवून उशांच्या खोळी बेतत होती. कापड जाड होतं, वाया कशाला घालवायचं, म्हणाली. मी पेपर वाचत होतो. चांगल्या दोन खोळी कापून झाल्यावर वर न बघताच तिनं विचारलं, “तुम्ही तो ट्रे खाली का नाही ठेवलात?”

इतक्या महिन्यांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. मी पेपर खाली ठेवला. भीड पडली, मालकांची लाज राखली, असं काहीबाही सांगता आलं असतं. पण खरं होतं ते सांगितलं.

“दमलो होतो गं. सकाळपासून उभा होतो. त्यांच्याशी भांडून ‘मी तो’ म्हणायचं त्राणच नव्हतं अंगात.”

तिनं कात्री थांबवली नाही. “मीपण दमले होते की,” ती म्हणाली.